अठराव्या वर्षी परक्या मुलखात

कोल्हापूरचा किंवा अकोल्याचा अठरा वर्षांचा मुलगा पुण्याच्या वसतिगृहात राहायला गेला, की घरातले पहिले काही आठवडे काळजीत जातात. मेसचे जेवण कसे असेल, कपडे कोण धुणार, खोलीतला दुसरा मुलगा कसा निघतो. या मुलाला आजूबाजूची भाषा येते, शनिवारी एसटी पकडून घरी येता येते, आणि तरीही काही मुले पहिल्या दिवाळीच्या आत बॅग भरून परततात. आता याच वयाचा अमेरिकेतल्या युटा राज्याचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. आपण कोणत्या देशात जाणार हे त्याने ठरवलेले नाही, त्याच्या चर्चने ठरवून कळवले आहे. तिथली भाषा त्याने कदाचित आजवर कानांनीही ऐकलेली नाही. दोन वर्षे घरी यायचे नाही. या काळात मुलींशी मैत्री नाही, पगार नाही, उलट महिन्याचा खर्च स्वतःच्या किंवा घरच्यांच्या खिशातून. आणि काम असे, की दिवसभरात भेटणारी बहुतेक माणसे त्याला नम्रपणे किंवा उद्धटपणे ‘नको’ म्हणणार आहेत. एवढे असूनही यातले बहुसंख्य तरुण ठरलेली मुदत पुरी करतात. हे कसे जमते?

हा मुलगा ‘द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथाचा. जग या पंथाला मॉर्मन म्हणून ओळखते, जरी पंथाला स्वतःला अलीकडे ते नाव नको असते. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. आज मुख्यालय सॉल्ट लेक सिटीत आहे. मुख्य प्रवाहातल्या अनेक ख्रिस्ती पंथांना त्याची शिकवण मान्य नाही, पण तरुणांना परदेशी पाठवण्याच्या बाबतीत त्याच्याइतकी मोठी आणि आखीव व्यवस्था क्वचितच कुणाकडे असेल. एका वेळी सत्तर हजारांहून अधिक मिशनरी जगभर काम करत असतात आणि त्यांतले बहुतेक पंचविशीच्या आतले. २०१२ मध्ये मुलांसाठी किमान वय १९ वरून १८ वर आणि मुलींसाठी २१ वरून १९ वर आणले गेले. मुलांची मुदत चोवीस महिन्यांची, मुलींची अठरा.

‘कसे जमते’ या प्रश्नाचे सोपे उत्तर श्रद्धा असे दिले जाते. श्रद्धाळू माणसे ते अभिमानाने देतात, अश्रद्ध माणसे कुत्सितपणे. पण मुलगा का गेला, एवढेच श्रद्धेने कळते. परक्या गावातल्या तिसऱ्या मंगळवारी, पोट बिघडलेले असताना, बाहेर पाऊस असताना तो सकाळी उठून बूट का घालतो, हे तेवढ्याने कळत नाही. त्यासाठी त्याच्या दिवसाची रचना पाहावी लागते. माझे म्हणणे असे, की परदेशात रुळणे हे मनाच्या कणखरपणापेक्षा त्या रचनेवर जास्त अवलंबून असते. धर्मांतर योग्य की अयोग्य हा वाद महत्त्वाचा आहे, पण इथे तो बाजूला ठेवू. एखादी यंत्रणा कशी चालते हे समजून घ्यायला तिचा हेतू पटलाच पाहिजे असे नाही.

थकवा नेमका कशाचा?

परदेशी गेलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात विलक्षण थकवा येतो, आणि बहुतेकांना त्याचे कारण सापडत नाही. काम फार झालेले नसते, झोपही बरी झालेली असते. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चहा करायची वेळ आल्यावर जे होते, तेच इथे होत असते. स्वतःच्या घरी साखर, चहापत्ती, गाळणे सगळे हाताला न बघता सापडते आणि डोक्यात भलताच विचार चालू असताना चहा होऊन जातो. परक्या स्वयंपाकघरात मात्र प्रत्येक डबा उघडून पाहावा लागतो, शेगडीचे बटण कोणत्या बाजूला फिरते ते तपासावे लागते. चहा तोच, पण लक्ष चौपट खर्च होते. परदेशात सगळा दिवसच असा जातो. रस्ता ओलांडताना आधी कोणत्या बाजूला पाहायचे, दुकानदाराला किती वाकून नमस्कार करायचा, समोरचा हसला तो आनंदाने की संकोचाने, वाढलेले अन्न संपवले तर आदर होतो की आणखी वाढले जाते, हे सारे सवयीच्या हातून निसटून विचाराच्या हाती येते. विचार हे महागडे साधन आहे, ते दिवसभर पुरत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी हीच गोष्ट १९५० च्या दशकात मांडली. ‘सांस्कृतिक धक्का’ ही कल्पना लोकांपर्यंत पोचवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते, आणि त्यांचा गाजलेला लेख १९६० मध्ये ‘प्रॅक्टिकल अँथ्रोपॉलॉजी’ नावाच्या नियतकालिकात आला, ज्याचा वाचकवर्ग मुख्यतः मिशनऱ्यांचा होता. ओबर्ग यांचे म्हणणे असे, की समाजात वावरताना आपण ज्या शेकडो बारीक खुणांच्या आधाराने चालतो, त्या एकदम नाहीशा झाल्या की माणूस अस्वस्थ होतो. या अस्वस्थतेची त्यांनी दिलेली लक्षणे वाचताना हसू येते आणि ती ओळखीचीही वाटतात. सारखे हात धुणे, पिण्याच्या पाण्याची अवाजवी काळजी, आपल्याला सगळे फसवत आहेत असा संशय, किरकोळ दुखण्याचा बाऊ, थोडा उशीर झाला तरी संताप, स्थानिक भाषा शिकायला नकार, आणि घराची अनावर ओढ. यातले एकही लक्षण दुबळ्या चारित्र्याचे नाही. लक्ष देण्याची शक्ती संपत आल्याच्या या खुणा आहेत.

आधी आनंद, मग उदासी?

परदेशी गेलेल्या माणसाविषयी एक ठरावीक चित्र रंगवले जाते. सुरुवातीचे दिवस नवलाईचे, मग घसरण, मग हळूहळू चढ. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे दोनशे नॉर्वेजियन अभ्यासकांच्या अनुभवांवरून ते मांडले. आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा दिसतो म्हणून त्याला यू-वक्र म्हणतात. चित्र सुबक आहे, म्हणूनच ते प्रवासपुस्तिकांपासून कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांपर्यंत सगळीकडे पोचले. अडचण अशी, की लिसगार्ड यांनी एकाच माणसाला वर्षभर पाहिले नव्हते. कमी-जास्त काळ राहिलेल्या वेगवेगळ्या माणसांची त्यांनी तुलना केली होती. पुढे कॉलिन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांना पोचल्यापासून वर्षभर टप्प्याटप्प्याने प्रश्न विचारले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नवलाईचा काळ सापडलाच नाही. सर्वाधिक त्रास अगदी सुरुवातीलाच होता आणि तो पुढे कमी होत गेला.

ही बाब केवळ अभ्यासकांच्या वादाची नाही. पहिले दिवस आनंदाचे असतात असे गृहीत धरले, तर पहिल्याच आठवड्यात रडू येणाऱ्या मुलाला वाटते की आपल्यातच काही बिघाड आहे. सुरुवात सर्वांत कठीण असते हे माहीत असेल, तर मदतही सुरुवातीलाच जास्त ठेवता येते. मॉर्मन व्यवस्थेत ती तशी ठेवलेली दिसते. नव्या मिशनऱ्याला पहिले बारा आठवडे एका अनुभवी सहकाऱ्याच्या हाताखाली दिले जाते. भाजी कुठे मिळते इथपासून दार वाजवल्यावर पहिले वाक्य काय बोलायचे इथपर्यंत सगळे तो शिकवतो. शिवाय २०१३ च्या सुमारास चर्चने ‘मिशनरी जीवनाशी जुळवून घेताना’ अशा अर्थाची एक पुस्तिका काढली. तिच्यात ताणाच्या पातळ्या हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत दाखवल्या आहेत आणि प्रत्येक रंगाला काय करावे ते साध्या शब्दांत सांगितले आहे. प्रार्थना करा म्हणजे सारे ठीक होईल, एवढेच सांगून ती थांबत नाही. झोप, व्यायाम, कामाचे छोटे तुकडे पाडणे, कुणाशी तरी बोलणे असे उपाय तिच्यात आहेत. श्रद्धेवर उभ्या असलेल्या संस्थेलाही केवळ श्रद्धेवर विसंबता आले नाही, याचा याहून थेट पुरावा शोधायची गरज नाही.

साडेसहाचा गजर

या मिशनऱ्यांच्या वेळापत्रकाची थट्टा पुष्कळ होते. सकाळी साडेसहाला उठायचे, रात्री साडेदहाला दिवे मालवायचे. मधे व्यायाम, धर्मग्रंथाचे वाचन, जोडीदारासोबतचा अभ्यास, भाषेचा अभ्यास, मग बाहेरचे काम. २०१७ पासून देशोदेशीच्या रीतीप्रमाणे वेळा पुढेमागे करण्याची मुभा मिळाली, कारण दुपारी सारे गाव झोपत असेल तर दारे वाजवण्यात अर्थ नसतो. पण आखीवपणा गेला नाही.

बाहेरच्याला ही लष्करी शिस्त वाटते. पण लक्षाच्या हिशोबाने पाहिले तर वेगळेच दिसते. दिवसभरात शंभर गोष्टी नव्याने विचार करून कराव्या लागत असतील, तर ज्या गोष्टी विचाराविना होऊ शकतील त्या तशाच होऊ दिलेल्या बऱ्या. कधी उठायचे, काय घालायचे, न्याहारीनंतर काय, हे ठरलेले असले की उरलेले लक्ष बाहेरच्या परक्या जगासाठी मोकळे राहते. पांढरा सदरा आणि काळी नावपट्टी यांमागे संस्थेची ओळख दाखवणे हा हेतू आहेच, पण कपाटासमोर उभे राहून विचार करण्याची वेळ येत नाही हाही फायदा लहान नाही. परदेशी गेलेला विद्यार्थी नेमका उलट्या स्थितीत असतो. त्याचे आठवड्याचे तास बहुतांशी मोकळे, आणि मोकळा वेळ परक्या ठिकाणी विसाव्याचा ठरतोच असे नाही. रविवारी दुपारी काय करावे हा प्रश्न घरी सुखाचा असतो. अनोळखी शहरातल्या भाड्याच्या खोलीत तोच प्रश्न जड होतो.

चौकट : मिशनऱ्याचा सुट्टीचा दिवस
आठवड्यातून एक दिवस ‘तयारीचा दिवस’ म्हणून राखलेला असतो. या दिवशी कपडे धुणे, खोली झाडणे, किराणा आणणे, केस कापणे, जमल्यास गाव पाहणे किंवा खेळणे आणि घरी पत्र लिहिणे ही कामे होतात. फेब्रुवारी २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच करता येई, नाताळला आणि मातृदिनाला. एरवी आठवड्याचे ई-पत्र. त्यानंतर दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओवरून घरच्यांशी बोलण्याची परवानगी मिळाली. अमेरिकेसारख्या देशांतल्या मिशनऱ्यांकडून कुठेही पाठवले तरी महिन्याला सारखीच ठरावीक रक्कम घेतली जाते. २०२० मध्ये ती ४०० डॉलरवरून ५०० डॉलर झाली.

सतत सोबत असणारा अनोळखी

या व्यवस्थेतला सर्वांत विचित्र आणि बहुधा सर्वांत परिणामकारक भाग म्हणजे जोडीदार. ख्रिस्ताने शिष्यांना दोघादोघांनी पाठवल्याचा उल्लेख बायबलमध्ये आहे आणि तोच आधार दिला जातो. मिशनरी एकटा कुठेही जात नाही. जोडीदार नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात असला पाहिजे असा नियम आहे, अपवाद न्हाणीघरासारख्या ठिकाणांचा. जोडीदार स्वतः निवडायचा नसतो. त्या भागाचा मिशन अध्यक्ष, जो साधारणपणे पत्नीसह तीन वर्षांसाठी आलेला एखादा प्रौढ गृहस्थ असतो, जोड्या लावतो. साधारण सहा आठवड्यांच्या टप्प्यांनी बदल्यांची यादी निघते आणि जोडी तशीच राहील, मोडेल किंवा दुसऱ्या गावी जाईल हे कळते. एकमेकांना हाक मारायची तीही ‘एल्डर’ किंवा ‘सिस्टर’ लावून आडनावाने. दोन वर्षे कुणी तुमचे पाळण्यातले नाव घेत नाही.

हे जाचक वाटणे साहजिक आहे, आणि अनेकदा ते जाचक असतेही. घोरणारा, आळशी किंवा नको इतका उत्साही जोडीदार चोवीस तास सहन करणे ही गंमत नव्हे. तरीही ही पद्धत काय साधते ते पाहा. एक तर परदेशातला एकटेपणा क्वचितच कुणी नसल्यामुळे येतो. आपल्या लाजेची साक्षीदार असलेली, तरीही आपल्या बाजूची असलेली व्यक्ती जवळ नसणे हे त्याचे खरे दुखणे. दुकानात चुकीचा शब्द बोलून सगळे हसले, तर एकट्या माणसाला ती आठवण रात्री छळते. दोघे असले तर रस्त्यातच त्याचा विनोद होतो. शिवाय आज बाहेर जायचे की नाही हा निर्णय एकट्याच्या मनःस्थितीवर राहत नाही. दोघे एकाच दिवशी खचण्याची शक्यता कमी, त्यामुळे एक दुसऱ्याला ओढून नेतो. अनेक मिशनमध्ये जोडीदार स्थानिक किंवा तिसऱ्याच देशाचा असतो, आणि तिथे तर तो फिरता दुभाषीच होतो. अमुक घरात बूट काढायचे असतात, हे पुस्तकात नसते, तो सांगतो.

वारंवार बदल्या हा मात्र दुधारी भाग आहे. नको असलेल्या सोबतीला अंत असतो हे माहीत असल्याने ती सोसवते, आणि वेगवेगळ्या स्वभावांशी जमवून घेण्याचा सराव होतो. दुसरीकडे, जीव लागलेली सोबतही त्याच यादीने तुटते. संस्थेला यात आपला फायदा दिसत असावा असा माझा तर्क आहे. कोणत्याही एका माणसाशी किंवा गावाशी फार घट्ट नाते जुळले नाही, की मूळ निष्ठा चर्चशीच राहते.

शंभर चुका आणि एक वाक्य

युटामधील प्रोव्हो येथे १९७० च्या दशकापासून मोठे मिशनरी प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे पन्नासाहून अधिक भाषा शिकवल्या जातात. नवी भाषा शिकणाऱ्यांना भाषेच्या अवघडपणाप्रमाणे साधारण सहा ते नऊ आठवडे मिळतात. अलीकडे त्यातला काही भाग घरी बसून संगणकावर होतो. नऊ आठवड्यांत जपानी किंवा रशियन येते का? अर्थातच येत नाही. या केंद्राची युक्ती अशी, की तिथे संपूर्ण भाषा शिकवण्याचा प्रयत्नच होत नाही. पहिल्या काही दिवसांतच विद्यार्थ्याला मोडक्यातोडक्या नव्या भाषेत प्रार्थना करायला आणि धडा समजावून सांगायला लावतात. म्हणजे एकाच प्रकारच्या प्रसंगात लागणारे शब्द आणि वाक्ये आधी पक्की होतात, व्याकरण मागून येते.

यात दोन गोष्टी साधतात. चूक होण्याची भीती सुरक्षित जागीच बोथट होते, आणि गावात पोचल्यावर निदान एक संभाषण तरी सुरू करता येते. ते पहिले संभाषण फार मोलाचे, कारण त्यावर समोरचा माणूस उत्तर देतो आणि पुढची भाषा तिथून येऊ लागते. दिवसभर अनोळखी माणसांशी बोलणे हेच ज्याचे काम, त्याला भाषेचा जेवढा सराव मिळतो तेवढा प्रयोगशाळेत बसणाऱ्या संशोधकाला मिळत नाही. अर्थात उणीवही तिथेच आहे. ‘पश्चात्ताप’ आणि ‘मुक्ती’ हे शब्द येतात, पण नळ गळतो हे घरमालकाला सांगता येत नाही. तो शब्दसंग्रह मात्र पुस्तकाबाहेर, रोजच्या नडीतून जमतो.

नकार पचवण्याची रीत

दारोदार जाणाऱ्या विक्रेत्याला नकार मिळतो, पण संध्याकाळी कुणीतरी वस्तू घेतलेली असते. पश्चिम युरोपातल्या मिशनऱ्याला कित्येक आठवडे एकही गंभीर श्रोता मिळत नाही असे होऊ शकते. निकालावर मन टांगून ठेवले तर ते लवकरच फाटेल. म्हणून चर्चच्या २००४ च्या मार्गदर्शक पुस्तकात यशाचे मोजमाप मुख्यतः तुमच्या स्वतःच्या निष्ठेवर आणि प्रयत्नांवर ठेवले आहे, इतरांच्या होकारावर नाही. रोज किती लोकांशी बोललात हे आपल्या हाती असते, कितींनी ऐकले हे नसते. मानसिक दृष्टीने हे शहाणपणाचे आहे. पण प्रत्यक्षात बाप्तिस्म्यांचे आकडे वरिष्ठांना हवेच असतात, आणि कागदावरचे शहाणपण व आकड्यांची भूक यांच्या चिमट्यात सापडणारा कोवळा मुलगा स्वतःलाच दोषी ठरवतो. व्यवस्थेचा हा सांधा कच्चा आहे, आणि तो झाकण्याचे कारण नाही.

१८१३ ची मुंबई

अशी रचना नसताना काय होत असे, याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशन संस्थेचे पहिले मिशनरी १८१२ मध्ये हिंदुस्थानकडे निघाले. त्यांच्यातली हॅरिएट न्यूवेल १८ वर्षांची होती. कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीने या मंडळींना थारा दिला नाही आणि पुढच्या प्रवासात, त्याच वर्षी मॉरिशसला, ती वारली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले, तर इथेही सरकारला ते नको होते. नॉट प्रकृतीमुळे काही वर्षांतच परतले. हॉल तिशीच्या आत आलेले, मराठी शिकले, गावोगाव हिंडले आणि १८२६ मध्ये नाशिक-त्र्यंबकच्या फेरीवरून येताना पटकीने गेले. मायदेशी धाडलेल्या पत्राचे उत्तर यायला महिनेच्या महिने जात. मोठा, भरवशाचा शब्दकोश हाताशी नव्हता, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला. या माणसांच्या श्रद्धेत कमतरता होती असे त्यांचा शत्रूही म्हणणार नाही.

पटकीवर वेळापत्रकाचा इलाज नव्हता, हे मान्यच केले पाहिजे. पण याच पिढ्यांच्या हानीतून मिशन संस्था रचना शिकल्या, हेही दिसते. एकेकटे कुटुंब पाठवण्याऐवजी अहमदनगरसारख्या एका ठाण्यावर अनेक जण ठेवणे, नव्याला जुन्याच्या हाताखाली भाषा शिकवणे, उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी पाठवणे अशा रीती रूढ झाल्या. मदुराईच्या अमेरिकन मिशनने तर माणसे दगावू लागल्यावर १८४५ मध्ये कोडाईकनालला घरे बांधली, आणि ते हवा खाण्याचे ठिकाण तिथून वाढले. सिंथिया फरार अविवाहित बाई म्हणून १८२७ मध्ये मुंबईला आल्या, त्या पुढे नगरच्या मुलींच्या शाळांमुळे जोतीराव फुल्यांपर्यंत पोचल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. पस्तीस वर्षे टिकायला त्यांच्या पाठीशी एक ठाणे, सहकारी आणि ठरलेले काम होते. हॉल यांना त्यांतले फारच थोडे लाभले.

हे रुळणे म्हणावे का?

इथे एक मजबूत आक्षेप येतो. ही मुले त्या देशाशी कुठे जुळवून घेतात? ती तर मिशनशी जुळवून घेतात. जोडीदार, नियम, आठवड्याचा फोन असा एक फुगा त्यांच्याभोवती असतो आणि तो जिथे नेला तिथे ती राहतात. हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. वॉर्ड यांनीच दोन प्रकारच्या जुळवणुकीत फरक केला आहे. मन शांत राहणे ही एक, आणि त्या समाजात सफाईने वावरता येणे ही दुसरी. मिशनरी रचना पहिली जुळवणूक उत्तम साधते. दुसरी ती जेमतेम साधते, आणि साहित्य, सिनेमा, राजकारण यांपासून मुलांना दूर ठेवून कधीकधी अडवतेही.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण गोव्यात आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये, तिशीच्या आसपास गोव्याला आला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत, चाळीस वर्षे, मुख्यतः साष्टी भागात राहिला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, म्हणजे येऊन सदतीस वर्षे झाल्यावर. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ मराठी पुराणपरंपरेचा कान असल्याशिवाय लिहिताच आला नसता. पोर्तुगीज सत्तेचे दडपण त्या काळात किती होते हे विसरायचे नाही. पण भाषेत मुरणे म्हणजे काय, हे या ग्रंथात दिसते. चोवीस महिन्यांच्या मिशनऱ्याकडून ते अपेक्षितच नाही. तरीसुद्धा माझ्या मते फुग्याचा आक्षेप एका ठिकाणी कमी पडतो. स्टीफन्सलाही सुरुवातीला आधार होताच. मठाचा दिनक्रम, संघाचे बांधव, वरिष्ठांना पत्रे लिहिण्याची जेझुइटांची पद्धत. आधाराची चौकट आणि खोल रुजणे यांत विरोध नाही. चौकट किती काळाने सैल होते हा प्रश्न आहे, आणि मॉर्मन व्यवस्था ती शेवटच्या दिवसापर्यंत तशीच घट्ट ठेवते.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. जोडीदार हा आधार असतो तसाच पहारेकरीही असतो. अठराव्या वर्षी स्वतःचे नावसुद्धा बाजूला ठेवायला लावणे ही ओळख घडवण्याच्या वयातली मोठी किंमत आहे. हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांना ही किंमत झेपत नाही त्यांचे काय होते, यावरून व्यवस्थेची खरी परीक्षा होते. युटा व्हॅली विद्यापीठातील प्राध्यापिका क्रिस डोटी यांनी मुदतीआधी परतलेल्या मिशनऱ्यांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या बहुसंख्यांनी आपण अपयशी ठरल्याची भावना सांगितली. आजारपणाने परतलेल्यांच्याही मनात ती होती. रचना इतकी घट्ट, की तिच्याबाहेर पडणे म्हणजे लाज. परदेशात माणसाला सावरणारी व्यवस्थाच घरी त्याला बोचते.

परतल्यावर

मुदत पुरी करून आलेल्यांनाही घर सरळ स्वीकारत नाही. गलाहॉर्न दांपत्याने १९६३ मध्ये यू-वक्राला पुढे दुसरा यू जोडला, कारण परतल्यावर पुन्हा घसरण होते असे त्यांना दिसले. आधीच्या वक्रावर आक्षेप असले तरी परतीचा त्रास खरा आहे, आणि मिशनऱ्याच्या बाबतीत त्याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. घरी आल्यावर स्थानिक अधिकारी त्याला औपचारिकपणे सेवामुक्त करतो, नावपट्टी उतरते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला उठायचे कारण उरत नाही. जोडीदार नाही, यादी नाही, काल केलेल्या कामाचा हिशोब मागणारे कुणी नाही. २०२० मध्ये करोनामुळे हजारो मिशनरी काही आठवड्यांत मायदेशी आणले गेले, तेव्हा हा बदल अनेकांना एका विमानप्रवासाच्या अंतराने सोसावा लागला.

मराठी घरांतून दरवर्षी मोठ्या संख्येने मुले जर्मनी, अमेरिका, ऑस्ट्रेलियाकडे शिकायला निघतात. त्यांना कुणी मिशनरी करायचे नाही, आणि चोवीस तासांचा जोडीदार तर नकोच. पण विमानाच्या तिकिटाआधी काही साधी चौकशी घरच्यांनी जरूर करावी: पहिल्या तीन महिन्यांत त्याला हाताला धरून दुकान, बँक, दवाखाना दाखवणारे तिथे कोण आहे, रविवारी तो कुणाबरोबर जेवणार आहे, आणि मधेच परत यावेसे वाटले तर घरात ते बोलून दाखवायला त्याला जागा आहे का.